सोळाशे मीटर आणि गोळाफेक : धावणे व वजनांचा व्यायाम एकत्र कसा बसवावा?

प्रश्न – उमेदवार, रत्नागिरी
मी पोलीस भरतीची तयारी करीत आहे. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी १६०० मीटरला २०, तर १०० मीटर आणि गोळाफेकीला प्रत्येकी १५ गुण असल्यामुळे दम आणि ताकद यांपैकी एकाकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. सकाळी भाट्याच्या पुळणीवरून धावत जातो, रस्त्याने परत येतो आणि लगेच व्यायामशाळेत स्क्वॅट (खांद्यावर वजन घेऊन बैठका) व डेडलिफ्ट (जमिनीवरचे वजन उचलून उभे राहणे) करतो; आठवड्याचे सहाही दिवस हाच क्रम असतो. अलीकडे स्क्वॅटचे वजन वाढेनासे झाले असून पोटऱ्या सतत भरून आलेल्या असतात. व्यायामशाळेतील मंडळी धावणे कमी करायला सांगतात, सोबत धावणारे वजने सोडायला सांगतात. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – निवृत्त क्रीडाशिक्षक, दापोली
दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन्ही व्यायाम एकत्र करणाऱ्या गटाची पायांची ताकद सुमारे सात आठवडे वाढली आणि दहाव्या आठवड्यापर्यंत उतरणीला लागली, तर केवळ वजने उचलणाऱ्यांची वाढतच राहिली. मात्र त्या गटाचा आठवडा पाहावा : पाच दिवस वजने आणि सहा दिवस दमछाक करणारी सायकल किंवा धाव. आपला आठवडा त्याच वळणावर आहे. उलट १९९९ मध्ये फिनलंडमधील अभ्यासात धावपटूंनी एकूण सरावाचा जवळजवळ एक तृतीयांश वेळ उड्या, छोट्या वेगवान धावा आणि हलक्या वजनांच्या झटपट व्यायामांना दिला, तेव्हा नऊ आठवड्यांत त्यांची ५ किलोमीटरची वेळ सुधारली. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता वाढली नव्हती. त्याच वेगाला लागणारी ऊर्जा कमी झाली होती. म्हणून वजने सोडू नयेत, दिवस कमी करावेत.

आठवड्यातून दोनच दिवस वजने उचलावीत, तीही जोरदार धावण्याच्या दिवशी : सकाळी ४०० मीटरच्या वेगवान फेऱ्या आणि किमान सहा तासांनी, म्हणजे संध्याकाळी, स्क्वॅटचे चार-पाच आवर्तनांचे तीन संच. आणखी दोन आवर्तने निघतील असे वाटत असतानाच थांबावे. त्यामुळे हलक्या धावेचा दिवस खरोखर हलका राहतो.

उत्तर – फिजिओथेरपिस्ट, चिपळूण
पोटऱ्यांचे कारण बहुधा पुळणीतच आहे. मऊ वाळूत धावायला कठीण जमिनीच्या सुमारे दीडपट ऊर्जा लागते आणि टाच खचत असल्याने पोटरीला जास्त ओढ बसते. शिवाय किनारा समुद्राकडे उतरता असतो. आपण एकाच दिशेने जाऊन रस्त्याने परतत असल्यामुळे रोज तोच पाय खालच्या बाजूला पडतो. ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवरून जावे आणि तिथूनच परत यावे. वेळ लावून धावायचे असेल तेव्हा मात्र मैदानच गाठावे.

चिऱ्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकवून, गुडघे किंचित वाकवून टाचा सावकाश खाली न्याव्यात व वर उचलाव्यात. गुडघा वाकलेला असला की पोटरीच्या आतल्या स्नायूवर भार येतो आणि धावताना सर्वाधिक राबणाऱ्या स्नायूंपैकी तो एक आहे. नडगीच्या हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी दुखत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

उत्तर – महिला उमेदवार, गुहागर
सरांच्या मांडणीबद्दल आदर राखून एक अडचण सांगते. एप्रिल-मेच्या दमट हवेत सकाळी वेगवान फेऱ्या मारल्यावर संध्याकाळी पायांत जीव उरत नाही, म्हणून मी वजने दुसऱ्या दिवशी ठेवते आणि त्या दिवशी धावत नाही. शिवाय उपाशीपोटी धावून तसेच व्यायामशाळेत जाणे टाळावे. धावून आल्यावर भात आणि कुळथाचे पिठले, दुपारी बांगडा, एवढ्यावर माझे प्रथिनांचे गणित बरेचसे जमते. महागड्या पावडरीच्या डब्यांचे कौतुक मला कधी कळले नाही.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. संध्याकाळी मला दुकानावर बसावे लागते, त्यामुळे दोन्ही व्यायाम सकाळीच उरकावे लागतात. अशा वेळी आधी काय करावे?

उत्तर – निवृत्त क्रीडाशिक्षक, दापोली
मग वजने वेगळ्या दिवशी ठेवण्याची गुहागरच्या मॅडमची पद्धत आपल्याला अधिक सोयीची आहे. त्या दोन दिवशी आधी वजने उचलावीत, कारण १०० मीटर आणि गोळाफेकीचे मिळून ३० गुण पायांच्या व कमरेच्या झटक्यावर अवलंबून आहेत आणि दमलेल्या पायांनी तो झटका शिकता येत नाही. ७.२६० किलोचा गोळा केवळ दंडाच्या जोरावर लांब जात नाही. वजनांनंतर बोलता येईल इतक्या संथ गतीने वीस मिनिटे धावावे. वेगवान फेऱ्या वजने नसलेल्या दिवशी ठेवाव्यात.