पॅकेजमध्ये काय नाही, तेही लेखी घ्यावे

दक्षिण गोव्यातील काणकोणच्या रिसॉर्टवर लग्न करायचे, तर तिथले माणशी दर पाहता सर्वसमावेशक पॅकेजच स्वस्त पडेल, असा सल्ला दिला जातो. त्यात थोडी भर घालतो. माझ्या भाचीच्या लग्नात खोल्या आणि तिन्ही वेळचे जेवण पॅकेजमध्ये होते, परंतु हळदीच्या सकाळी, हिरवळीवर मांडवाचे खांब उभे राहत असताना, बाहेरचा मंडपवाला आणल्याबद्दल वेगळे शुल्क मागण्यात आले आणि त्या घाईत वाद घालणे कोणालाच शक्य नव्हते. उघड्यावर ध्वनिवर्धक रात्री १० नंतर चालत नाही, म्हणून बंदिस्त सभागृह त्याच दरात आहे का, हे आधी विचारावे. गोव्याच्या दोन विमानतळांपैकी मोपा उत्तर टोकाला, म्हणजे काणकोणपासून लांब असल्याने, वृद्ध पाहुण्यांसाठी दाबोळीचेच विमान पाहावे.