चर्चा धागा: ‘वाड्याचं नाव बदलून कुणाचं पोट भरलं?’ या पोस्टला उत्तर

कृष्णाकाठची: काल इथं एका काकांनी लिहिलंय, “अमेरिकेत निग्रो म्हणायचं नाही, इथं महारवाडा म्हणायचं नाही. आमच्या लहानपणी सगळे म्हणायचे, कुणाला राग यायचा नाही.” खाली अंगठ्यांची रांग. दुर्लक्ष करणार होते, पण डोक्यातून जाईना.

राग यायचा नाही हे कुणाला विचारून लिहिलंत? माझं माहेर वाळवा तालुक्यात. आधार कार्डावर गावाच्या आधी वाड्याचं नाव छापलेलं. सांगलीत भाड्याची खोली बघायला गेले. मालकीणबाईंनी डिपॉझिट, भाडं, पाणी कधी सुटतं सगळं सांगितलं, चहाचं आधण ठेवलं. मग झेरॉक्स हातात घेतली, पत्त्याच्या दुसऱ्या ओळीवर बोट थांबलं, आणि “ह्यांना विचारून कळवते” म्हणाल्या. आधण उकळत होतं, त्यांनी गॅस बंद केला. फोन आला नाही.

वस्त्यांची जातिवाचक नावं काढायचा निर्णय राज्य सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये घेतला. आमच्या गावात कागद अजून हललेला नाही. ज्यांना हे खूळ वाटतं त्यांनी तो पत्ता स्वतःच्या आधारवर घालून महिनाभर खोली शोधावी.

खटावकर: ताई, झालं ते वाईटच. पण त्या बाईंनी आडनाव वाचूनही तेच केलं असतं. महात्मा फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आमच्या तालुक्यातलं. १८७३ ला ‘गुलामगिरी’ लिहिलं, अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्यांना अर्पण केलं, पण शूद्र-अतिशूद्र म्हणायला कचरले नाहीत. महार रेजिमेंट १९४१ ला उभी राहिली, आजही त्याच नावानं ताठ उभी आहे. शब्दाचा काय गुन्हा?

आणि पाटीचं म्हणाल तर आमच्या शेजारच्या वस्तीला ‘समतानगर’ झालं. कमान झाली, फोटो झाले. उन्हाळ्यात टँकर अजून सगळ्यात शेवटी तिथंच जातो. गटार उघडंच. सरकारला स्वस्तात काम दाखवायचं होतं, दाखवलं.

मिरजेची सिस्टर: अमेरिका काढलीच आहे तर पुरती काढा. मार्टिन ल्यूथर किंग १९६३ च्या भाषणात स्वतः ‘निग्रो’ म्हणाले. १९०९ ला निघालेल्या एनएएसीपी या तिथल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मोठ्या संघटनेच्या नावात ‘कलर्ड’ अजून आहे. पुढच्या पिढीला ते नको झालं, त्यांनी ‘ब्लॅक’ घेतलं. २०१६ ला तिथल्या केंद्रीय कायद्यांतून ‘निग्रो’ निघाला तो कितीतरी मागाहून. आपल्याकडं १९७२ ला दलित पँथरच्या पोरांनी ‘दलित’ असाच हक्कानं उचलला, ‘हरिजन’ फेकून दिला. खटावकर, फुल्यांनी, रेजिमेंटनं शब्द स्वतः मिरवला. पत्त्यात दुसऱ्यानं चिकटवलेला शब्द वेगळा.

आमच्या वॉर्डात मणिपूरची मुलगी आहे. छातीवर मराठीत नावाची पट्टी लावते, तरी पेशंटचे नातेवाईक “ए चिनी, सलाईन संपलं” म्हणून ओरडतात. पट्टी एक हातावर असते, वाचत नाहीत. मी प्रत्येक वेळी भांडते.

माणदेशी: मी रामोशी. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, पुढं आमच्याकडंही लागू झाला. ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, आम्ही ‘विमुक्त’ झालो. आजा सांगायचा, चावडीवर हजेरी द्यायला जाणं थांबलं तेव्हा लोक रडले. म्हणजे शब्द बदलल्यानं फरक पडतो. पण गावात मोटर चोरीला गेली की पोलिसांची पहिली गाडी आजही आमच्या वस्तीत येते.

मात्र शब्द पुसा म्हणणाऱ्यांना एक विचारतो. पोरीची जात पडताळणी अडकलीय. आम्हा विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा पाहिजे. आजोबाच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात जातीच्या रकान्यात ‘हिंदू’ एवढंच. तो जुना शब्द तिथं असता तर पोरगी आज कॉलेजात असती!

तासगावकर: दादा, आमचंही तेच. आम्हा अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा लागतो. १९५६ नंतर घरात सगळ्यांची नोंद ‘बौद्ध’. अभिमानानं लावलं. आता ‘महार’ लिहिलेला कागद शोधत पणज्यापर्यंत गेलोय.

कराडचा: दोघंही तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ मागा, कोतवाल बुक म्हणतात ते. जन्ममृत्यूच्या नोंदीत जात असते. मोडीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. चुलत्याची व्हॅलिडिटी, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, असेल तर वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडा.

माणदेशी: नमुना १४ ला गेलो होतो. पानं वाळवीनं खाल्लीत म्हणाले. तसं लेखी द्या म्हटलं तर देत नाहीत.

कराडचा: लेखी अर्ज देऊन पोच घ्या, मग माहिती अधिकार टाका. तोंडी उत्तरावर घरी येऊ नका.

खटावकर: बघा, जुना शब्द पोटापाण्याला लागतोच. हेच सांगत होतो.

कृष्णाकाठची: काय सांगत होतात? दप्तरातला शब्द आणि घराच्या पत्त्यातला शब्द एकच का? रजिस्टर जाळा असं कोण म्हणालं? तुमच्या पत्त्यात जात नाही म्हणून तुम्हाला इतिहासाची माया येते!

खटावकर: माया-बिया काढू नका. मी वस्तीच्या पाण्यासाठी ग्रामसभेत भांडतो, गावकीशी वाकडं घेतलंय. तुमचा राग भलत्या माणसावर निघतोय.

तासगावकर: ताईंचा राग बरोबर जागी आहे. पण एक सल आहे. सरकारनं बदलायच्या नावांत ‘बौद्धवाडा’ पण धरला. तो आमच्या बापजाद्यांनी स्वतः लावला होता. ग्रामसेवक म्हणाला, भीमनगर नाहीतर क्रांतीनगर, दोनातलं सांगा. वस्तीची बैठकच घेतली नाही.

मिरजेची सिस्टर: मग हे चूकच. ज्यांचं नाव त्यांनाच न विचारता बदललं तर जुन्यासारखंच झालं.

खटावकर: वस्तीनं ठरवावं, एवढं मला कबूल. नाव बदलू नका असा माझा हट्ट नाही. पण ठरावात नावाच्या खाली गटार आणि नळाची ओळही घाला, नाहीतर मी हात वर करणार नाही.

कृष्णाकाठची: दोन्ही घातलंय. वस्तीतल्या बायकांनी सह्या केल्यात, नावही त्यांनीच सुचवलंय. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला अर्ज वाचून दाखवायचाय. मागच्या वेळी आयत्या वेळच्या विषयांत ढकलून सभा उठवली होती, म्हणून यंदा विषयपत्रिकेवरच मागितलाय.