आई-बाबांच्या पेन्शनचा शेवटचा हिशोब : ठाणे आणि नवी मुंबईकरांनो, तुमचे अनुभव लिहा

चरई, ठाणे (धागाकर्ती)

बाबा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. पेन्शन ठाण्याच्या जिल्हा कोषागारातून. गेल्या वर्षी ते गेले. आई त्यांच्याआधीच गेली होती आणि आम्ही दोघं भावंडं नोकरीला, त्यामुळे फॅमिली पेन्शनचा प्रश्नच नव्हता. राहिले ते शेवटच्या महिन्यात बाबा जेवढे दिवस होते तेवढ्या दिवसांचे पैसे. कोषागाराच्या भाषेत एलटीए, लाइफ टाइम एरियर्स.

तेरावं व्हायच्या आत घरात सल्ले सुरू झाले. एक काका म्हणाले, कळवू नका, आधी एटीएममधून काढून घ्या. आत्या म्हणाली, एवढ्याशा रकमेसाठी कोण कोर्ट नाक्याला खेपा घालणार, सोडून द्या. दोघांनीही मायेपोटी सांगितलं, पण दोन्ही सल्ले ऐकू नयेत असं माझं ठाम मत आहे. ज्या दिवशी माणूस जातो त्या दिवसापर्यंतची पेन्शन, तो दिवस धरून, त्याची असते. ती वारसांना मिळते, आणि तो हक्क आहे. त्यानंतरच्या दिवसांची जी रक्कम खात्यात पडेल ती सरकारची, ती परत जाते. हे दोन वेगळे हिशोब आहेत. राज्य सरकारची पेन्शन महिना संपल्यावर पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला जमा होते. समजा वडील १९ तारखेला गेले आणि कोणी कळवलं नाही, तर पूर्ण महिना जमा होतो आणि मग वसुलीचं पत्र येतं. वेळेत कळवलं तर पेन्शन थांबते आणि ते १९ दिवस थकबाकी म्हणून वारसांना मिळतात.

आम्ही लगेच कळवलं. मृत्यूचा दाखला, पीपीओची (पेन्शन देण्याच्या आदेशाची) प्रत, आम्हा दोघांचे आधार-पॅन, रद्द केलेला चेक, बाबांनी भरलेला नामनिर्देशनाचा कागद आणि भावाचं ना-हरकत पत्र. पीपीओ बाबांनी एका जाड फाइलमध्ये ठेवलेली होती, वर त्यांच्याच अक्षरात नंबर. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायला विसरू नका, पुढे विचारपूस करताना तो दाखवावा लागतो.

ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी लिहा. कार्यालयांची, माणसांची नावं नकोत. काय अडलं, कशाने सुटलं, एवढं पुरे.

कोपरखैरणे, मुलगा

ताई, धागा काढलात हे फार बरं केलं. आमचे बाबा केंद्र सरकारी. पेन्शन बँकेतून, आई-बाबांचं जोडखातं, पीपीओवर आईचं नाव फॅमिली पेन्शनसाठी आधीच चढलेलं. म्हणजे काहीच अडायला नको होतं. शाखेत सांगितलं, आईच्या एकटीच्या नावाने नवीन खातं उघडा, जुनं बंद करा, मगच पुढचं बघू.

आईचे गुडघे गेलेले. तिसऱ्या मजल्यावरून, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमधून तिला उतरवून नेणं म्हणजे काय ते ज्यांच्या घरी आहे त्यांनाच कळेल. शेजारच्या सेक्टरमध्ये पेन्शनर संघटनेचं काम करणारे एक काका आहेत. त्यांनी नियम दाखवला. पती-पत्नीचं जोडखातं असेल, दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो अशा पद्धतीचं, आणि पीपीओवर जोडीदाराचं नाव असेल, तर त्याच खात्यात फॅमिली पेन्शन जमा करता येते. नवीन खात्याचा आग्रह बँकेने धरायचा नाही. फॅमिली पेन्शन मागण्याच्या वेगळ्या फॉर्मचीही अशा वेळी गरज नसते. साधा अर्ज, मृत्यूचा दाखला, पीपीओची प्रत, आईच्या वयाचा पुरावा आणि जास्त रक्कम आली तर परत करू असं हमीपत्र. हे सगळं लेखी अर्जात घालून शाखा व्यवस्थापकांकडे दिलं, पोच घेतली. आईला पुन्हा जावं लागलं नाही. सही करून घ्यायला बँकेचा माणूस घरी आला.

आईबाबा दोघेही असतील त्यांनी आजच पासबुक उघडून बघा, खातं जोड आहे का आणि कुठल्या पद्धतीचं आहे.

खारघर

एक छोटी गोष्ट, पण आमची त्यावर बरीच पायपीट झाली असती. खारघर, कामोठे, पनवेल हे सगळं रायगड जिल्ह्यात येतं. राज्य सरकारची पेन्शन इथल्या पत्त्यावर घेत असाल तर कोषागार बहुधा अलिबागचं असेल, ठाण्याचं नाही. बेलापूर, नेरूळ, वाशी, ऐरोली मात्र ठाणे जिल्हा. पीपीओ किंवा पेन्शनच्या पावतीवर कोषागाराचं नाव असतं, ते वाचून मगच निघा.

कळवा, मुलगी

आई जिल्हा परिषदेची शिक्षिका. मुरबाड तालुक्यात तिने आयुष्य काढलं, डोंगरातल्या शाळेत पायी जायची. निवृत्तीनंतर आमच्याकडे कळव्याला आली. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचं पेन्शनचं काम पंचायत समितीतून चालतं, त्यामुळे आम्हाला मुरबाडलाच जावं लागलं.

अडचणी दोन. पहिली अडचण घरातच होती. बाबा म्हणाले, बायकोची पेन्शन मी घेणार नाही, लोक काय म्हणतील. त्यांना समजवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. पत्नी नोकरीत असेल तर पतीलाही फॅमिली पेन्शनचा तेवढाच हक्क आहे, हे अनेक घरांत माहीतच नसतं. पुरुषाने मागायची ती लाज कसली? आईने वर्षानुवर्षं जी नोकरी केली तिच्यावरच आमचं घर उभं राहिलं. बाबा शेतीतले, त्यांना स्वतःचं उत्पन्न असं काही नाही. शेवटी माझ्या मामांनी बसवून सांगितलं तेव्हा त्यांनी अर्जावर सही केली.

दुसरी अडचण नावाची. आई नोकरीला लागली तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर माहेरचं नाव, नंतरच्या पानांवर सासरचं, आधारवर सासरचं पण वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव वेगळ्या स्पेलिंगने, आणि मृत्यूच्या दाखल्यावर घाईत आम्ही घरी हाक मारायचो ते नाव. महापालिकेत मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते आणि त्या गडबडीत फॉर्मवर काय लिहिलं जातंय याकडे कोणाचं लक्ष असतं? प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न, ही बाई तीच कशावरून. लग्नाचं प्रमाणपत्र नव्हतं, त्या काळी कोण काढायचं. आम्ही प्रतिज्ञापत्र केलं, आईची नावबदलाची सेवापुस्तकातली नोंद तिच्या जुन्या शाळेच्या केंद्रातून शोधून काढली, आणि मृत्यूच्या दाखल्यातलं नाव दुरुस्त करून घेतलं. तिथल्या एका लिपिक मॅडमनी आम्हाला खूप सांभाळून घेतलं. त्या आईच्या विद्यार्थिनी निघाल्या.

तर लोकहो, मृत्यूच्या दाखल्याचा फॉर्म भरायला घरातला शांत माणूस पाठवा आणि हातात पीपीओ द्या. पीपीओवर जसं नाव आहे, अक्षरन् अक्षर तसंच लिहायला सांगा.

ऐरोली

कोणाला माहीत असेल तर सांगा. बाबांनी निवृत्त होताना पेन्शन विकली होती, म्हणजे तिचा काही भाग आधीच एकरकमी घेतला होता. त्याचे हप्ते अजून चालू होते, पंधरा वर्षं पूर्ण व्हायची होती. आता उरलेली रक्कम आईच्या पेन्शनमधून कापणार का? आई त्या काळजीने झोपत नाही.

नौपाडा, निवृत्त लेखा कर्मचारी

ऐरोलीकर दादा, आईंना निर्धास्त झोपायला सांगा. अंशराशीकरण, म्हणजे आपण ज्याला पेन्शन विकणं म्हणतो, त्याची कपात पेन्शनधारकाच्या मृत्यूबरोबर थांबते. उरलेलं कोणी कुटुंबाकडून मागत नाही. आणि आईंची फॅमिली पेन्शन बाबांच्या हातात येणाऱ्या कमी झालेल्या पेन्शनवरून काढतच नाहीत, शेवटच्या वेतनावरून काढतात. केंद्राच्या नियमात सुरुवातीला वाढीव दराने, शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के, मृत्यूपासून ७ वर्षं किंवा पेन्शनधारकाला ६७ वर्षं झाली असती तोपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर. नंतर ३० टक्के. त्यावर महागाई वाढ असतेच. त्यामुळे एक दिवस रक्कम अचानक कमी झाली तर घाबरून जाऊ नका, पीपीओवर दोन्ही दर आणि तारीख छापलेली असते.

मी टेबलाच्या त्या बाजूला आयुष्य काढलं म्हणून एक सांगतो. बहुतेक प्रकरणं अडतात ती नामनिर्देशनामुळे. थकबाकीसाठीचं नामनिर्देशन वेगळं असतं, केंद्रात त्याचे १९८३ चे नियम आहेत. बँकेच्या खात्याला नॉमिनी लावला म्हणजे पेन्शनच्या थकबाकीलाही लागला असं होत नाही. लोक निवृत्तीच्या वेळी पत्नीचं नाव घालतात, पत्नी आधी जाते, आणि कागद तसाच राहतो. मग वारस दाखला, सगळ्या वारसांची संमतीपत्रं, रक्कम मोठी असेल किंवा वारसांत वाद असेल तर दिवाणी न्यायालयाचं वारसा प्रमाणपत्र. माझ्यासमोर रडलेली मुलंबाळं मला आजही आठवतात. एक पानाचा फॉर्म बदलला असता तर त्यांना वकील गाठायला लागला नसता.

ऐरोली

काका, तुमचे फार आभार. आईला आत्ताच वाचून दाखवलं.

वर्तकनगर

आमच्या अण्णांच्या बाबतीत सातव्या वेतन आयोगाची थकबाकी राहिली होती. राज्याने २०१६ ते २०१८ ची थकबाकी पाच वार्षिक हप्त्यांत द्यायचं ठरवलं होतं. अण्णा मधेच गेले. पुढचे हप्ते आपोआप येतील असं धरून चालू नका, एलटीएच्या अर्जात त्याचा वेगळा उल्लेख करा. आम्ही तिघं भावंडं, बहीण नागपूरला. तिचं संमतीपत्र तिथूनच नोटरी करून कुरियरने मागवलं, तिला यावं लागलं नाही.

नेरूळ, बहीण

वडील रेल्वेत होते. माझा धाकटा भाऊ जन्मापासून बौद्धिकदृष्ट्या अपंग आहे, आज तो चाळिशीचा. आईबाबांच्या सगळ्या आयुष्यात एकच भीती होती, आमच्यानंतर याचं काय.

बाबांनी हयात असतानाच एक काम केलं, ज्यासाठी मी त्यांची कायम ऋणी आहे. केंद्राच्या आणि रेल्वेच्या पेन्शनमध्ये, स्वतः कमावू न शकणाऱ्या अपंग मुलाचं नाव आई-वडिलांच्या हयातीतच पीपीओवर चढवून घेता येतं. बाबांनी सरकारी रुग्णालयाचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र घेतलं, अपंगत्व कायमस्वरूपी असल्याचं त्यावर नमूद करून घेतलं, आणि ऑफिसला पाठवलं. असं नमूद असेल तर दर काही वर्षांनी नवं प्रमाणपत्र मागत नाहीत. पालक म्हणून माझं नाव दिलं. आई गेल्यावर भावाची पेन्शन सुरू करताना म्हणूनच फक्त मृत्यूचा दाखला आणि खात्याचे कागद लागले. माझ्या ओळखीच्या दुसऱ्या कुटुंबात हे झालेलं नव्हतं, तर मुलाला तपासणीला नेण्यापासून सगळं दुःखात असताना सुरू झालं.

पालकत्वाचं वेगळं सांगते. बौद्धिक अपंगत्व, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बहुविकलांगता यांसाठी १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, ती पालकत्व देते. मी ते काढून ठेवलंय. पेन्शनसाठीच नाही, बँक, घर, दवाखाना सगळीकडे उपयोगी पडतं. ज्यांच्या घरात असं मूल आहे, मग ते मूल पन्नाशीचं का असेना, त्यांनी आई-वडील हिंडते-फिरते असतानाच हे करा. कोणाला कागदांची यादी हवी असेल तर विचारा, मी वेळ काढून लिहीन.

वाशी, मुलगी

मी सीए आहे, म्हणून कराचं लिहिते. वडील ज्या तारखेला गेले तोपर्यंतच्या उत्पन्नाचं विवरणपत्र वारसाने भरायचं असतं. आयकराच्या पोर्टलवर आधी कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करावी लागते, मृत्यूचा दाखला आणि वारसाचा पुरावा जोडून. बाबांची पेन्शन पगारात धरली जाते, आईची फॅमिली पेन्शन इतर उत्पन्नात. तिच्यावर एक तृतीयांश किंवा जुन्या पद्धतीत १५,००० रुपये, यातली कमी असलेली वजावट मिळते. नव्या पद्धतीत ही मर्यादा २०२४-२५ पासून २५,००० आहे. आईच्या फॉर्ममध्ये चुकून पगार म्हणून भरू नका. टीडीएस कापला गेला असेल तर परतावा मिळवायचाही हाच मार्ग.

सावरकरनगर, सून

सासरे गेल्याला महिना झाला नसेल, सासूबाईंना फोन आला. कोषागारातून बोलतोय, तुमची मोठी थकबाकी मंजूर आहे, आधी इतके रुपये या नंबरवर भरा. त्यांना सासऱ्यांचं नाव, निवृत्तीचं वर्ष, पीपीओ नंबर सगळं माहीत होतं, म्हणून सासूबाईंचा विश्वास बसला. त्या पैसे पाठवायला मला मोबाइल मागायला आल्या आणि तिथेच थांबलं. कोषागार फोनवर पैसे मागत नाही, ओटीपी मागत नाही, वसुली असेल तर लेखी पत्र येतं. घरातल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना हे पुन्हा पुन्हा सांगा. सायबर पोलिसांत तक्रार केली, १९३० या क्रमांकावर.

घणसोली

आईची फॅमिली पेन्शन आता सुरू झाली आहे, पण ती भावाकडे बेंगळुरूला राहायला गेली. नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी तिला इकडे आणावं लागेल का?

चरई, ठाणे (धागाकर्ती)

नाही आणावं लागणार. जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा ऑनलाइन दाखला, २०१४ पासून आहे आणि आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं, भाऊ घरबसल्या करू शकेल. आईचा आधार, पीपीओ नंबर आणि खाते क्रमांक जवळ ठेवायला सांगा. पेन्शनचा प्रकार निवडताना फॅमिली हेच निवडा, आणि पेन्शन देणारं कार्यालय नीट बघून निवडा. झाल्यावर जो प्रमाण क्रमांक येतो त्याचा स्क्रीनशॉट तुमच्याकडेही मागवून घ्या. डिसेंबरची पेन्शन आली नाही तर तोच घेऊन कोषागारात विचारता येईल.

नेरूळच्या ताई, ती कागदांची यादी जरूर लिहा. माझ्या मावशीकडे तसाच मुलगा आहे.