‘कन्सेन्सस’ म्हणजे एकमत, सहमती की विनाहरकत?

प्रश्न : ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड सर्वांना खुला असतो अशा सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या कारभारावर मराठीत लिहितो आहे. असे प्रकल्प चालवणाऱ्या अपाची या संस्थेमध्ये ‘लेझी कन्सेन्सस’ने निर्णय होतात. कोशात मतैक्य, एकमत, सर्वसंमती सापडतात. यांतला कोणता घ्यावा?

प्रतिसाद : ‘एकमत’ तर नकोच. ठराव एकमताने मंजूर झाला म्हणजे प्रत्येकाने होकार दिला. अपाचीत होकाराची वाटच पाहत नाहीत. काय करणार ते सभासद सगळ्यांना कळवतो, साधारण ७२ तास थांबतो आणि कोणी अडवले नाही तर कामाला लागतो. मंडळी देशोदेशी विखुरलेली, बरीचशी आपली नोकरी सांभाळून हे काम करणारी, म्हणून एवढी मुदत. नगरपालिकेच्या जाहीर नोटिशीत ‘हरकती असल्यास मुदतीत कळवाव्यात’ असे असते, तसेच हे. मी ‘विनाहरकत मंजुरी’ म्हणेन. ‘मौन संमती’ही चालेल, पण त्यात गप्प बसलेल्याला प्रस्ताव पटलाय असे ध्वनित होते, इथे त्याने तो वाचला नसण्याचीही शक्यता आहे.

प्रतिसाद : ‘विनाहरकत’ पटले. पण लेखभर एकच शब्द वापरू नका. कोडमधल्या बदलाला उणे एक (-१), म्हणजे विरोधी मत दिले की तो नकाराधिकार ठरतो, मात्र तांत्रिक कारण द्यावे लागते. कारणाविना दिलेला नकार ग्राह्य नाही. नवी आवृत्ती प्रसिद्ध करताना नकाराधिकार चालत नाही. तिथे व्यवस्थापन समितीतले किमान ३ होकार हवेत आणि होकार नकारांपेक्षा जास्त हवेत. तिथे सरळ ‘बहुमत’ लिहा.

प्रश्नकर्ता : आणि इंटरनेटची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेचे ‘रफ कन्सेन्सस’? ‘ढोबळ सहमती’ कसे वाटते?

प्रतिसाद : ‘ढोबळ’मुळे घाईघाईने उरकल्यासारखे वाटते आणि हा त्या पद्धतीवर अन्याय आहे. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९९२ मध्ये राजे, अध्यक्ष आणि मतदान तिन्ही नाकारून तिचा पुरस्कार केला. २०१४ च्या ‘आरएफसी ७२८२’ या आयईटीएफच्या दस्तऐवजामध्ये तिचा अर्थ उलगडला आहे : प्रत्येक हरकतीचा खरोखर विचार व्हायला हवा, ती मान्य व्हायलाच हवी असे नाही. बाजूने ५ आणि विरोधात १०० असले तरी सहमती असू शकते, असेही तिथे म्हटले आहे, कारण डोकी मोजायचीच नाहीत. मला ‘निरसन’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. ‘हरकतींचे निरसन होऊन झालेली सहमती’ लांबलचक आहे खरे, पण पहिल्यांदा तसेच लिहा, पुढे नुसते ‘सहमती’ पुरेल.

प्रतिसाद : मग अपाचीच्या त्या सकारण नकाराला ‘हरकत’ऐवजी ‘आक्षेप’ म्हणावे का? हरकत नुसतीही घेता येते. आक्षेप म्हटला की मुद्दा मांडावाच लागतो.