‘गळा काढला’ असे लिहिले तर त्यात चेष्टा दिसते का? – मदत हवी आहे

नमस्कार. वडिलांच्या वर्षश्राद्धाला घरच्यांपुरती एक छोटी स्मरणिका छापायची आहे आणि तिच्यातील एका वाक्प्रचारावर माझे लिखाण अडले आहे.

वडील गेले त्या दिवशी धाकटी आत्या वाळवा तालुक्यातील आमच्या गावच्या फाट्यावर एसटीतून उतरली, मारुतीच्या देवळापर्यंत अवाक्षर न बोलता चालत आली, आणि घराचा उंबरा लांबून दिसताच पदराचा बोळा तोंडाशी धरून तिने गळा काढला. ‘माझ्या दादाऽऽ, आता माहेर कुणाचं रं मला’ असे एकेक वाक्य ती हेल काढून म्हणत होती आणि ओट्यावरच्या बायका तिच्या सुरात सूर मिसळत होत्या. आमच्या घरी याला गळा काढणे असेच म्हणतात व त्यात खोटेपणाचा संशय नसतो. उलट जवळच्या नात्यातील बाई मयतीला येऊन गप्प बसली, तर त्याचीच कुजबूज होते.

पुण्यातील चुलतबहिणीने मात्र कच्चा मजकूर वाचून नेमकी याच शब्दांखाली लाल रेघ ओढली. छापील मराठीत ‘निवडणूक हरल्यावर गळा काढला’ अशा तऱ्हेने हा वाक्प्रचार कांगाव्यासाठी येतो, हे तिचे म्हणणे मला नाकारता येत नाही.

तिने सुचवलेला ‘हंबरडा फोडला’ मला पटला नाही. हंबरणे गायीचे, हंबरडा एकदम, अनावर फुटतो आणि त्यात शब्द नसतात, तर आत्याचे रडणे चांगले अर्धा तास शब्दांनीच चालले होते. ‘धाय मोकलून’ यात तीव्रता आहे, पण हेल नाही. ‘आक्रोश’ मोर्चांच्या फलकांवर गेल्यापासून त्यात दुःखापेक्षा संतापच अधिक ऐकू येतो. अर्थाने सर्वांत जवळचा ‘विलाप’, कारण आलाप आणि प्रलाप यांच्याप्रमाणे त्याच्याही मुळाशी ‘लप्’, म्हणजे बोलणे, हा धातू आहे. परंतु ‘आत्याने विलाप केला’ असे लिहिले की नऊवारीतली आमची आत्या एकदम पौराणिक नाटकात जाऊन उभी राहते.

‘गळा काढून रडली’ असे क्रियापद जोडल्यास चेष्टेची छटा जाते का? आणि कराड, मिरज, तासगाव या बाजूला अशा शब्दांनिशी रडण्याला घरात आणखी काय म्हणतात? मजकूर सोमवारी छापखान्यात द्यायचा आहे.