शब्दचर्चा: बाळाची फुफ्फुसं 'पिकतात' की 'परिपक्व होतात'?

उगाचच
वहिनीला ३१वा आठवडा चालू असताना अचानक कळा यायला लागल्या म्हणून रात्री ॲडमिट केलं. सिस्टर सुई भरता भरता म्हणाली, हे बाळाच्या फुफ्फुसाचं इंजेक्शन. आईचा चेहरा पांढरा, पोटातून टोचणार की काय बाळाला! तसलं काही नाही, वहिनीलाच दिलं, बारा-बारा तासांनी चार. सहीच्या कागदावर मात्र छापलेलं 'गर्भाच्या फुफ्फुसांच्या परिपक्वतेसाठी संप्रेरक', ते आईने दोनदा वाचलं आणि कागद माझ्या हातात दिला. आता कळा थांबल्यात, वहिनी घरी आहे, म्हणून डोकं शब्दांकडे वळलं. संप्रेरक म्हणजे नक्की हार्मोनच ना? आणि त्या परिपक्वतेला आईला कळेल असा शब्द कुठला? मला 'पिकणं' सुचलं.

कोशातला किडा
हो, संप्रेरक म्हणजे हार्मोनच. उत्प्रेरक वेगळा, तो कॅटलिस्ट, आणि विकर म्हणजे एन्झाइम, या तिघांची परीक्षेत कायम खिचडी व्हायची. स्टार्लिंगने १९०५ साली हार्मोन हा शब्द वापरात आणला तो ग्रीक क्रियापदावरून, अर्थ चेतवणे, हालचालीला लावणे. त्यामुळे सम् + प्रेरक हे भाषांतर अगदी मापात बसलंय, फक्त बोलताना कोणी वापरत नाही. थायरॉईडच्या गोळीला संप्रेरकाची गोळी म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

रात्रपाळी
मी नवजात शिशू विभागात काम करते, म्हणून लांबण लावते, चालवून घ्या. बाळाच्या फुफ्फुसात बारीक बारीक फुगे असतात, आतून ओले. दोन ओल्या प्लास्टिकच्या पिशव्या कशा चिकटतात एकमेकींना, तसे हे फुगे श्वास सोडला की मिटतात आणि पुन्हा उघडायला बाळाला जीव खाऊन ओढावं लागतं, बरगड्या आत जाताना दिसतात. ते चिकटू नयेत म्हणून सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध थर लागतो, तो पुरेसा व्हायला साधारण ३४-३५ आठवडे जातात. आणि तो वाढवायचा निरोप देतं कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक, जे शेवटच्या आठवड्यांत बाळाच्या स्वतःच्याच शरीरात वाढतं. तेच लिव्हरमध्ये साखरेचा साठा करायला लावतं, आतड्यांनाही कामाला लावतं. आईचं कॉर्टिसॉल का नाही चालत? कारण वार, म्हणजे प्लॅसेंटा, ते बाळापर्यंत पोचायच्या आत बरंचसं निकामी करून टाकते. डेक्सामेथासोन आणि बेटामेथासोन ही कॉर्टिसॉलसारखीच काम करणारी कृत्रिम स्टिरॉइडं तिला दाद देत नाहीत, म्हणून इंजेक्शनात हीच दोन देतात.

हे सापडलं मेंढ्यांमुळे. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स नावाचे डॉक्टर बाळंतपण सुरू कशाने होतं ते शोधत होते, स्टिरॉइड दिलेली कोकरं दिवस भरायच्या खूप आधी जन्मली, जगायला नको होती, पण श्वास घेत होती. १९६९ मध्ये त्यांनी ते लिहिलं, मग हाउई यांच्याबरोबर बायकांवर चाचणी केली, ती १९७२ मध्ये छापून आली.

देवगडकर
'पिकणं' नको हो! गळू पिकतं, कान पिकतो. फुफ्फुस पिकलं म्हटलंत तर म्हातारी माणसं हाय खातील. आमच्याकडे झाडावरचा आंबा आधी 'तयार' होतो, हिरवा आणि कडकच असतो पण काढायला झालेला असतो, आणि मग अढीत पिकतो. तुमचा शब्द 'तयार'.

उगाचच
वा! मग इंजेक्शन म्हणजे कार्बाइड का?

देवगडकर
नाही ना. कोवळ्या कैरीला कार्बाइड लावलंत तर वरून पिवळी, आतून आंबटच. ताई सांगतायत त्यावरून हे इंजेक्शन झाडावर असतानाच तयार करतंय. आंब्याला असलं काही निघालं तर मला आधी सांगा.

कोशातला किडा
'तयार' पटलं. 'दिवस भरणं' पण सुंदर आहे, पण ते पूर्ण बाळंतपणाचं, एका अवयवाचं नाही, शिवाय रागात 'तुझे दिवस भरले' म्हटलं की अर्थ पार उलटा. जाता जाता, सातव्यातलं जगतं आणि आठव्यातलं नाही असं म्हणतात ते कुठून आलं? चरकसंहितेत आठव्या महिन्यात ओज, म्हणजे जीवनशक्ती, आई आणि बाळात अस्थिर असतं असं आहे, त्याचाच धागा असेल का?

रात्रपाळी
कुठूनही आलेलं असो, खोटं आहे. पोटात जितके जास्त दिवस तितकं बाळाला सोपं. आमच्याकडे ३३ आठवड्यांचं बाळ आलं की आजी रडायला लागते आणि २९ वाल्याची आजी तिची समजूत काढते, सातव्यातलं आहे म्हणून निर्धास्त. कोणाला काय सांगायचं!

उगाचच
अपडेट. आईला 'तयार' सांगून बघितलं, तिने मान डोलावली आणि स्वतःचाच शब्द काढला, 'दमाचं इंजेक्शन', म्हणजे बाळाला श्वासाचा दम यावा म्हणून. मला फार आवडला. तिने तो शेजारच्या काकूंनाही सांगितला, आणि काल सोसायटीत तिघांनी मला विचारलं, बाळाला आत्तापासूनच दमा आहे म्हणे?