फाइंडर दिवसाच जुळवून घ्या

नव्या 130 मिमी न्यूटोनियनमध्ये, म्हणजे आरशाच्या दुर्बिणीत, चंद्रसुद्धा सापडत नाही, अशी एका नवशिक्याची तक्रार आहे. दुर्बीण बहुधा ठीक आहे, फाइंडर (नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण) नळीशी जुळलेला नाही. हे काम अंधारात करू नका. दिवसा, सूर्याकडे पाठ करून, अर्धा-एक किलोमीटरवरच्या मोबाइल टॉवरचं टोक 25 मिमी आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) मध्यभागी आणा, माउंट (दुर्बिणीचा आधार) घट्ट करा, मग फाइंडरचे स्क्रू फिरवून तेच टोक त्याच्या फुलीवर घ्या. दृश्य उलटं दिसेल, ते तसंच असतं.

दुर्बिणीच्या 650 मिमी फोकल लेंग्थला (आरशापासून प्रतिमेपर्यंतच्या अंतराला) 25 मिमी आयपीस म्हणजे 26 पट मोठं दृश्य, 10 मिमी म्हणजे 65 पट. शोधायचं कायम 26 नेच. गुरूचे पट्टे 65 पटीत दिसतात, पण नळी अर्धा तास आधी बाहेर ठेवा. आरसा गरम असला की प्रतिमा उकळत्या पाण्यासारखी हलते. बार्लो (पट आणखी वाढवणारं जोडभिंग) पहिल्या रात्री खोक्यातच राहू द्या.